आजच्यापुरता मान्ना

आईच्या बायोप्सीचा रिपोर्ट आज मिळणार होता, तो सोमवारवर गेला. लॅबमधून बाहेर पडले तेव्हा पायातलं बळच गेलं होतं. तशीच ठाण्याच्या तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये जाऊन बसले. प्रार्थनेला शब्द सुचेनात. "प्रभू, तूच बघ," एवढंच म्हटलं.

मग मोबाइलवर बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा 16 वा अध्याय उघडला. रानात इस्राएल लोकांना रोज सकाळी मान्ना, म्हणजे देवाने पाठवलेलं अन्न, मिळायचा, माणशी एक ओमर (तेव्हाचं एक माप), त्या दिवसापुरताच. ज्यांनी उद्यासाठी ठेवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले. फक्त सहाव्या दिवशी शब्बाथासाठी, म्हणजे विश्रांतीच्या सातव्या दिवसासाठी, दुप्पट गोळा करायचा, आणि तो मात्र टिकायचा! लहानपणी मला हे फार कठोर वाटायचं. भुकेल्या माणसाने दोन दिवसांची सोय केली तर काय बिघडलं? आज वाटतं, देव त्यांना 40 वर्षं रोज नव्याने विसंबायला शिकवत होता. एका दिवसात ते येत नाही. माझी भीतीही गेलेली नाही, पण भीतीसकट त्याच्यासमोर बसता आलं.

घरी आले तर आई मेथी निवडत होती. "सोमवारचं सोमवारी बघू गं, आधी कणीक मळ," म्हणाली.

तिच्यासाठी प्रार्थना करा.