चुमाची शाळा आणि सुका बोंबील

लेकीच्या पुस्तकात गुलामगिरी म्हणजे अमेरिका, कापसाची शेतं आणि लिंकन, संपलं. म्हटलं अगं आपल्या मुंबईतही याची एक गोष्ट आहे, चल दाखवते, आणि रविवारी ऊन उतरल्यावर दोघांना घेऊन चर्नी रोडला उतरले (पावभाजी आधीच कबूल करावी लागली). चौपाटीवरून समोर विल्सन कॉलेज दाखवलं आणि सुरू केलं.

चुमा नावाचा याओ जमातीचा पोरगा. 1861 मध्ये, आता जिथे मलावी आहे त्या बाजूला गुलामांचा तांडा चालला होता, गळ्यात लाकडाची जोखडं, डेव्हिड लिव्हिंगस्टन या स्कॉटिश शोधप्रवाशाच्या लोकांनी तो सोडवला त्यात हा होता. मग 1864 च्या जूनमध्ये लिव्हिंगस्टनने 'लेडी न्यासा' ही पिटुकली बोट झांझिबारहून दीडेक महिना हाकत मुंबईला आणली, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर बरं का, चुमा त्याच बोटीवर. इथे त्याला डॉ. जॉन विल्सनच्या मिशन शाळेत ठेवलं.

लेक मोबाईलमध्ये डोकं घालून. "आई, ही बिल्डिंग 1889 ची आहे आणि चुमा 1882 लाच वारला. तो इथे शिकलाच नाही!"

झाली फजिती. शाळा त्याच विल्सनची गं, इमारत नंतरची, असं काहीतरी सावरलं.

धाकटा मात्र पुढच्या भागाला जागा झाला. 1873 मध्ये लिव्हिंगस्टन आफ्रिकेतच वारला, तेव्हा त्याच्याबरोबर तिकडे परतलेला चुमा, त्याचा सोबती सुसी आणि बाकीच्यांनी त्याचं काळीज तिथेच झाडाखाली पुरलं, देह मीठ लावून उन्हात वाळवला, झाडाच्या सालीत गुंडाळला आणि हजार मैलांहून जास्त चालत समुद्रापर्यंत आणला. "सुक्या बोंबलासारखं?" आजूबाजूचे वळून बघायला लागले. पण हो रे, साधारण तसंच.

मला राग येतो तो वेगळाच, इतका मोठा तांडा महिनोन्महिने आजारपणातून, भांडणांतून पार नेणाऱ्या माणसांना पुस्तकं अजून 'विश्वासू नोकर' म्हणतात. त्यांच्यातला जेकब वेनराइट, तोही गुलामीतून सुटलेला, नाशिकला शरणपूरच्या मिशनमध्ये शिकलेला, 1874 मध्ये शवपेटीबरोबर थेट लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीपर्यंत गेला.

"शरणपूर म्हणजे मामाकडे जाताना लागतो तो शरणपूर रोड?"

तोच. शंभरदा गेलोय तिथून आणि दरवेळी सगळं लक्ष मिसळीकडे. दिवाळीत नाशिकला जाऊ तेव्हा तारखा आधी लेकीकडून तपासून घेणार आहे.