डेस्कचं नाव गेलं, आकार वाचला : ट्रेडमार्क आणि डिझाइन नोंदणीचा माझा अनुभव

मांडी घालून बसलं की पुढ्यात घ्यायचं घडीचं लाकडी डेस्क, ते मी आणि आमचे सुतारकाका मिळून तीन वर्षं बनवून विकत होतो, नाव ठेवलेलं ‘सुबक’. ऑर्डरी वाढल्या तशी मैत्रीण मागेच लागली की नाव रजिस्टर कर नाहीतर दुसरं कुणीतरी करेल, म्हणून एका कन्सल्टंटला गाठलं आणि त्यांनी दोन दिवसांत टीएम-ए, म्हणजे ट्रेडमार्कच्या अर्जाचा फॉर्म भरून टाकला. मालाच्या प्रकाराप्रमाणे क्लास असतो, आमचा क्लास २०, म्हणजे फर्निचर. वैयक्तिक नावावर ऑनलाइन अर्ज केला की एका क्लासची सरकारी फी ४५०० रुपये, स्टार्टअप आणि लघुउद्योगालाही तेवढीच, बाकीच्या कंपन्यांना ९०००. मला वाटलं, झालं काम.

फॉर्ममध्ये दोन गोष्टी अशा गेल्या की त्या मला पुढे नडल्या. शब्द मराठी, म्हणून त्याचा इंग्रजी अर्थ द्यायचा होता, तो मीच सांगितला: नीटनेटकं, छान घडवलेलं. आणि नाव आधीपासून वापरताय का या रकान्यात कन्सल्टंटनी ‘पुढे वापरणार’ असं टाकलं, कारण आधीचा वापर दाखवला की अ‍ॅफिडेव्हिट आणि पुरावे जोडावे लागतात, कशाला ती कटकट, असं त्यांचं म्हणणं. मीही हो म्हटलं.

काही महिन्यांनी स्टेटस बघितलं तर ‘ऑब्जेक्टेड’. अर्ज तपासणाऱ्या परीक्षकाचा एक्झामिनेशन रिपोर्ट उघडला, त्यात ट्रेडमार्क कायद्याचं कलम ९(१)(बी), म्हणजे हे नाव मालाचा गुण सांगतं, आणि पुराव्याला माझाच तो अर्थ! छान घडवलेलं डेस्क कोण बनवत नाही, प्रत्येक सुताराला आपल्या मालाला सुबक म्हणायचा हक्क आहे, तो शब्द एकटीला कसा देणार. वाचून आधी राग आला, पण रात्री अंथरुणात पडल्या पडल्या पटत गेलं.

उत्तर द्यायला रिपोर्ट मिळाल्यापासून एक महिना असतो, नाही दिलं तर अर्ज सोडून दिला असं धरलं जाऊ शकतं. त्या महिन्यात मी पहिल्यांदा ट्रेडमार्क मॅन्युअलचा मसुदा वाचायला घेतला, जो ट्रेडमार्क ऑफिसच्या वेबसाइटवर फुकट पडलेला आहे. मॅन्युअल म्हणजे कायदा नव्हे, कायदा १९९९ चा आणि नियम २०१७ चे, पण परीक्षक अर्जाकडे कुठल्या नजरेनं बघतो ते त्यात अगदी उलगडून सांगितलंय. शब्द मालाशी जितका चिकटलेला तितका कमजोर, मालाशी संबंध नसलेला किंवा स्वतः बनवलेला शब्द सगळ्यात भक्कम. गुण सांगणारा शब्दही मिळू शकतो, पण अर्जाच्या तारखेआधीच्या वापरामुळे लोक त्या शब्दावरून तुम्हालाच ओळखायला लागलेत हे सिद्ध करावं लागतं. आणि माझ्या अर्जात तर लिहिलेलं, पुढे वापरणार! आता तीन वर्षांची बिलं पुढे करायची म्हणजे आपल्याच अर्जाच्या उलट बोलायचं. शिवाय खरं सांगायचं तर आमच्या तेवढ्याशा विक्रीवर ‘सुबक’ म्हणजे आम्हीच असं कुणी म्हणालं नसतं.

मी ते नाव सोडलं. वाईट वाटलं, सुतारकाका तर म्हणाले, “ताई, नाव गेलं तरी डेस्क तेच आहे ना,” पण दोन दिवस त्यांचा आवाज उतरलेला होता. नवीन नाव एका पाणपक्ष्याचं ठेवलं, डेस्कशी काडीचा संबंध नाही, आणि अर्ज करायच्या आधी पब्लिक सर्चमध्ये तसंच दिसणारं आणि तसंच ऐकू येणारं, दोन्ही शोधून घेतलं, कारण कलम ११ आधीच्या मिळत्याजुळत्या नावांवर अडवतं. या वेळी ऑब्जेक्शन आलं नाही. ट्रेडमार्क ऑफिसच्या जर्नलमध्ये छापून आलं, मग चार महिने कुणी विरोध करतंय का त्याची वाट, आणि सर्टिफिकेट. दहा वर्षांचं, पुढे रिन्यू करता येतं. तोवर मी नावापुढे टीएम एवढंच लिहीत होते, वर्तुळातला आर नोंदणी झाल्यावरच, आधी लावला तर गुन्हा आहे.

नावाचं चालू असतानाच डेस्कच्या आकाराचं डोक्यात आलं, आणि इथे सगळं उलटं आहे! आकाराची, म्हणजे दिसणाऱ्या रूपाची, नोंदणी डिझाइन म्हणून होते; नावाला आधीचा वापर कामी येतो, डिझाइनला तोच मारतो. डिझाइन कायदा २००० चा, कलम ४ म्हणतं की अर्जाआधी डिझाइन भारतात किंवा बाहेर कुठेही लोकांसमोर आलेलं नको. आमच्या पहिल्या मॉडेलचे फोटो मी स्वतः तीन वर्षं इन्स्टाग्रामवर टाकत होते. आपलाच फोटो आपल्याला आडवा येतो, हे कुणीच सांगितलं नव्हतं, अगदी रडू आलं.

मग दुसरं मॉडेल, बाकदार पायांचं, ते झाकून ठेवलं. सुतारकाकांनी वर्कशॉपमध्ये त्याच्यावर जुनी चादर टाकलेली असायची. या वेळी डिझाइनचं मॅन्युअल आधी वाचलं, फॉर्म १ भरला, मला फी १००० रुपये पडली, अर्ज कोलकात्याच्या डिझाइन विभागात. सात बाजूंनी चित्रं लागली: समोरून, मागून, वरून, खालून, डावी, उजवी आणि तिरकी. प्रत्येक पानावर नावीन्य आकारात आहे असं लिहायचं, आणि बिजागरीच्या हालचालीवर आमचा हक्क नाही असंही, कारण डिझाइनमध्ये फक्त डोळ्याला दिसणारं रूप येतं, घडी कशी होते ते येत नाही. तरी एक ऑब्जेक्शन आलंच, तिरक्या चित्रात फळीच्या कडेला आमचं नाव कोरलेलं दिसत होतं. ते पुसून चित्रं परत दिली. नोंदणी झाली, दहा वर्षं, वर पाच वाढवून मिळतात.

आता तिसरं मॉडेल चादरीखाली आहे. फोटो काढलेत, पण अर्जाचा नंबर हातात येईपर्यंत ते सुतारकाकांच्या मुलालाही पाठवलेले नाहीत.