पेडल घट्ट होतं, तरी ब्रेक गेले होते

कन्नड घाट उतरताना ब्रेक गेलेली गाडी दुसऱ्या दिवशी धुळ्याला माझ्याकडे आली तेव्हा पेडल दगडासारखं घट्ट होतं, आणि या केसमध्ये मला सगळ्यात जास्त त्रास त्याचाच झाला. जुनी दोन सीटची बीएमडब्ल्यू झेडफोर, छत दुमडणारी, ऑटोमॅटिक. मालक तरुण पोरगा, सोबत वडील. चाळीसगावकडे उतरताना आधी जळका वास आला, मग पेडल मऊ पडलं, मग पाय थेट तळाला. "भाऊ, पेडल खालेच जाई ऱ्हायनं," एवढंच तो परत परत सांगत होता. गिअर खाली टाकून हँडब्रेकने कशीबशी कडेला घेतली म्हणे. गाडी थंड झाल्यावर सगळं नीट! त्यामुळे वडिलांना वाटत होतं पोरगा घाबरला, आणि पोराला वाटत होतं गाडीचे ब्रेकच लहान आहेत, सहा पिस्टनचे लाल कॅलिपर (चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणारा भाग) टाकून द्या, पैसे लाखात गेले तरी चालतील.

मी म्हणलं आधी चाकं तरी काढू द्या. पुढच्या डिस्क कुठल्यातरी गॅरेजवाल्याने भोकं पाडलेल्या टाकल्या होत्या, दिसायला भारी, पण भोकांच्या कडेने केसासारख्या चिरा गेलेल्या. रस्त्यावरच्या गाडीला या भोकांचा फारसा फायदा नाही, उलट तिथली धातू कमी होते आणि चिरा तिथूनच निघतात. डाव्या कॅलिपरची एक स्लाइड पिन, म्हणजे ज्यावर कॅलिपर सरकतो ती, जाम, आतलं पॅड पाचरीसारखं तिरकं झिजलेलं, तोंडावर काचेसारखी चकाकी. पॅडच्या कडेला घर्षणाची दोन अक्षरं छापलेली असतात, पहिलं साध्या तापमानाचं, दुसरं तापल्यावरचं. या पॅडवर काहीच छापलेलं नव्हतं. असला माल लोक बिनधास्त विकतात आणि बिनधास्त लावतात.

पण पाय तळाला का गेला ते यात नव्हतं. टाकीतलं ब्रेक ऑइल स्वच्छ, फिकट पिवळं. बिलावरही लिहिलेलं, ब्रेक ऑइल बदलले. मी पुढच्या कॅलिपरची निपल, म्हणजे ऑइल बाहेर काढायचं तोंड, उघडून बाटलीत काढलं, तर कोऱ्या चहासारखं काळपट ऑइल आलं. म्हणजे आधीच्याने वरच्या टाकीतलं सिरिंजने ओढून नवीन ओतलं होतं आणि बिल पूर्ण कामाचं फाडलं होतं. जिथे उष्णता लागते तिथलं जुनं ऑइल तसंच. याला मी कामचुकारपणा पण म्हणणार नाही, हे माणसाच्या जिवाशी खेळणं आहे.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. नवीन डॉट 4 दर्जाचं ऑइल कमीत कमी 230 अंशापर्यंत उकळत नाही, पण 3.7 टक्के पाणी मुरलं की तोच आकडा 155 पर्यंत येऊ शकतो. दीड टनाची गाडी अख्खा घाट ऑटोमॅटिकच्या डी मध्ये, गिअर खाली न घेता, ठेवून पाय ब्रेकवर टेकवत उतरवली, तीही खान्देशातल्या उन्हाळ्यात, की डिस्क सहज 300 च्या पुढे जाते, ती उष्णता पॅडमधून पिस्टनला, पिस्टनमधून ऑइलला. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, पेडल खाली जातं, चाकाला दाब पोचतच नाही. थंड झालं की वाफेचं परत ऑइल, पेडल घट्ट. पुरावा शिल्लक राहत नाही.

लाल किट मी लावलं नाही. ब्रेक दाबल्यावर एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) चालू होतो म्हणजे आहे तो कॅलिपरच टायरला भारी पडतोय, मोठ्या कॅलिपरने त्या एका ब्रेकचं अंतर कमी होणार नाही. मोठी डिस्क लागते ती परत परत तापणाऱ्या कामाला, ट्रॅकला. वर पुढचे पिस्टन मोठे झाले आणि पेडलमागचा, ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर तोच राहिला तर पेडल लांब जातं, पुढच्या-मागच्या चाकांचं वाटप बिघडतं. रेसिंगचे पॅडही नको म्हणलं, ते थंड असताना पकडत नाहीत आणि पाच कंदीलच्या गर्दीत ब्रेक थंडच असतात. साध्या चांगल्या डिस्क टाकल्या, रस्त्यासाठीचे एफएफ लिहिलेले पॅड, पिना साफ करून सिलिकॉन ग्रीस, आणि चारही चाकांना स्वच्छ ऑइल येईपर्यंत ब्लीडिंग, म्हणजे निपलमधून जुनं ऑइल आणि हवा काढणं. मग पहाटे लळिंगच्या पुढे रिकाम्या रस्त्यावर 80 वरून 20 पर्यंत, पूर्ण न थांबवता, पुन्हा पुन्हा, मधे गार होऊ देत, ब्रेक मारून नव्या पॅडची तोंडं डिस्कला बसवून आणली. पोराला शेजारी बसवून मॅन्युअल मोडमध्ये गिअर खाली कसा घ्यायचा तेही दाखवलं, चार वर्षं गाडी वापरून त्याला ते कोणी सांगितलंच नव्हतं.

वडिलांनी जाताना विचारलं, बिलावर लिहिलेलं, टाकीत स्वच्छ दिसतंय, पेडल घट्ट आहे, मग आम्ही गिऱ्हाइकाने ओळखायचं कसं? मी सांगितलं, गॅरेजमध्ये उभं राहा आणि निपलमधून निघालेलं जुनं ऑइल बाटलीत बघायला मागा. पण धंदापाणी सोडून किती जण असे उभे राहणार, आणि किती गॅरेजवाले उभं राहू देणार? याचं धड उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

एक काम राहिलंय. टायरवर 3116 छापलंय, म्हणजे 2016 सालच्या 31 व्या आठवड्यातले, रबर टणक झालेलं, कडेला चिरा. किटचे पैसे टायरला घाला म्हणून सांगितलंय, वडील तयार आहेत. पोराचा मात्र काल परत फोन, लाल कॅलिपर कधी मागवताय.