गुडघे वाकवा, बाकीचं मग बघू

माझ्याकडे स्केटिंग शिकायला कोणीही आलं, पाच वर्षांचं पोर असो नाहीतर पन्नाशीचे काका, पहिल्या दिवशी स्केट पायात चढतात पण पुढे कोणी जात नाही, पहिल्या दिवशी आम्ही फक्त पडतो. मुद्दाम, ठरवून. गुडघे वाकवायचे, खाली बसायचं, आधी नी-पॅड टेकवायचे मग कोपर मग तळहात, बोटं वर उचललेली, म्हणजे मागून येणाऱ्याचं चाक बोटांवरून जात नाही. मग उठायचं, एक गुडघा जमिनीवर, दुसरा पाय समोर रोवलेला, दोन्ही हात त्या मांडीवर आणि वर. हेच पुन्हा पुन्हा. पालकांना वाटतं फी भरली आणि पोरगं नुसतं लोळतंय, पण माझा यावर हट्ट आहे आणि तो राहणारच, कारण ज्याला पडता येतं तो घाबरत नाही आणि जो घाबरत नाही त्याचे गुडघे वाकतात, आणि स्केटिंगमधे जवळजवळ सगळं गुडघ्यांवर आहे.

माणूस घाबरला की ताठ होतो ना, तिथेच सगळं बिघडतं. ताठ उभं राहिलं की वजन टाचांवर जातं, स्केट पुढे पळतात आणि आपण मागे पडतो, आणि मागे पडणं सगळ्यात वाईट, माकडहाड, मनगट, डोकं, सगळंच धोक्यात. म्हणून मी सारखी ओरडत असते, नडगी बुटाच्या जिभेला टेकली पाहिजे, टेकली का, अजून वाक, अजून! आणि कृपा करून मुलांना मागून बगलेत धरून चालवू नका. आईबाबा प्रेमानेच धरतात, पण धरलं की पोर मागे रेलतं आणि त्याला स्वतःचं वजन कुठे आहे तेच कळत नाही. हात सोडा, दोन पावलं लांब उभे राहा, हेल्मेट आणि पॅड घातलेत ना, मग पडू दे त्याला.

मी स्वतः शिकले ते लोखंडी स्केटवर. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, बुटावर बांधायचे स्केट, लांबी पुढेमागे सरकवून मापाला आणायची, किल्लीने नट आवळायचा आणि घोट्याभोवती चामड्याचा पट्टा. शहाबादी फरशीवर त्या चाकांचा असा खडखडाट व्हायचा की दुपारी झोपणाऱ्या आजोबांच्या घरून रोज निरोप यायचा. खडा आला की चाक जागच्या जागी थांबायचं आणि आपण पुढे. पॉलियुरेथेनची चाकं पहिल्यांदा पायाखाली आली तेव्हा आवाजच नाही, नुसतं वाहत जाणं, मला त्या रात्री झोप लागली नाही. ते वेड अजून तसंच आहे, संसार, नोकरी, मुलं सगळं झालं पण संध्याकाळी मोकळं पार्किंग दिसलं की पाय शिवशिवतात.

मुलांना मी एक गोष्ट नेहमी सांगते, जॉन जोसेफ मर्लिन नावाचा एक कारागीर होता लंडनमधे, १७६० च्या दशकात, त्याने चाकांचे बूट बनवले आणि असं सांगतात की ते घालून, व्हायोलिन वाजवत वाजवत, तो एका मोठ्या पार्टीत घुसला आणि थेट समोरच्या महागड्या आरशावर जाऊन आदळला. मुलं खूप हसतात, मग मी विचारते, त्याच्या स्केटला काय नव्हतं? कोणीतरी बरोबर सांगतं, ब्रेक नव्हता आणि वळता येत नव्हतं. ही वळायची अडचण नीट सुटली ती शंभर वर्षांनी, न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टनने १८६३ मधे चार चाकांचे, रबर बसवलेले स्केट आणले, ज्या बाजूला झुकाल त्या बाजूला चाकांची जोडी वळते. आजचे क्वाड, म्हणजे दोन चाकं पुढे आणि दोन मागे असलेले स्केट, त्याच युक्तीवर चालतात. आणि हे फक्त इतिहास म्हणून सांगत नाही बरं का, याचा रोज उपयोग आहे. छोटं, हलकं पोर कितीही झुकलं तरी स्केट वळत नसेल तर बऱ्याचदा चूक पोराची नसते, ते रबर त्याच्या वजनाला दबतच नाही. ट्रकचा, म्हणजे चाकांची जोडी धरून ठेवणाऱ्या भागाचा, नट थोडासा सैल करायचा, अगदी थोडा, फार सैल केला तर स्केट डगमगतो. पाच मिनिटांचं काम आहे पण त्यानंतर त्या पोराचा चेहरा बघा.

आता सगळ्यांना पहिल्याच दिवशी इनलाइन, म्हणजे एका रांगेत चाकं असलेले स्केट, पाहिजे असतात. का ते समजतं मला. २०२३ मधे हांगझोउच्या एशियन गेम्समधे आपल्या मुलींनी आणि मुलांनी, दोन्ही टीमनी, ३००० मीटर रिलेमधे ब्राँझ आणलं, मुलांच्या टीममधे आनंदकुमार वेलकुमार आणि आर्यनपाल सिंग घुमनबरोबर सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे ही नावं ऐकली तेव्हा मी घरात एकटीच टाळ्या वाजवत होते. मग २०२५ मधे आनंदकुमार १००० मीटरमधे वर्ल्ड चॅम्पियन झाला, भारताचा पहिला! ते सगळं इनलाइनवर. पण पाच-सहा वर्षांच्या मुलाला माझं मत क्वाडच, उभं राहायला आधार जास्त मिळतो आणि झुकून वळायची सवय लागते. शिवाय क्वाड म्हणजे फक्त शिकाऊ स्केट हे डोक्यातून काढा, अनुप कुमार यामाने २०१० मधे ग्वांगझोउच्या एशियन गेम्समधे आर्टिस्टिक स्केटिंगमधे, म्हणजे उड्या-गिरक्यांच्या प्रकारात, दोन ब्राँझ मिळवली, एक एकट्याने आणि एक अवनी पांचाळबरोबर जोडीने.

पण खरं सांगू का, मेडलवाल्या मुलांपेक्षा मला सगळ्यात जास्त आवडते ती आयांची बॅच. मुलांचा क्लास चालू असताना त्या पायऱ्यांवर बसून असायच्या, पाण्याच्या बाटल्या आणि दप्तरं सांभाळत. एकदा एकीने विचारलं, ताई, आता या वयात जमेल का हो, आणि मी लगेच तिला स्केट दिले. साडी नव्हती, पंजाबी ड्रेस होता, ओढणी काढून ठेवली आणि तिची मुलगी माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडायला लागली, आई गुडघे वाकव! मोठ्यांना शिकवणं वेगळं असतं, मुलं शरीराने शिकतात, मोठ्यांना आधी कारण लागतं. त्यांना सांगावं लागतं की हे चालणं नाहीये, पाय मागे ढकलायचा नाही, बाजूला ढकलायचा, आणि ढकलून झालं की घाई करायची नाही, दुसऱ्या पायावर तसंच राहायचं, जेवढा वेळ राहता येईल तेवढा. तो जो एका पायावरचा क्षण आहे ना, काही करत नाही आहोत आणि तरी पुढे जातोय, तो पहिल्यांदा मिळाला की त्या एकदम गप्प होतात, मग हसतात, काहींच्या डोळ्यात पाणीही आलेलं आहे. ती पहिली बाई आता उलटं जाते, क्रॉसओव्हर घेते, म्हणजे वळताना एक पाय दुसऱ्यावरून टाकते, आणि नवीन आलेल्यांना पडायला शिकवते.

पावसाळ्यात आम्ही बंद ठेवतो, ओल्या फरशीवर चाकं सटकतात आणि बेअरिंगला गंज लागतो. क्वाडच्या एका जोडीत आठ चाकं, प्रत्येकात दोन, म्हणजे १६ बेअरिंग असतात, ती काढून पुसून, सुकवून, शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब, जास्त नको, जास्त तेलावर धूळ बसते. इनलाइनची चाकं आतल्या बाजूने झिजतात, म्हणून ती काढलीच आहेत तर उलटी करून घाला, जागाही बदला. नवीन बॅच दिवाळीनंतर, संध्याकाळी सहाला, येताना जाड मोजे घाला आणि नखं कापून या. स्केट लगेच विकत घेऊ नका, पहिले काही दिवस माझ्याकडचे वापरा.