पेटीतला तिसरा सीझन

शनिवार, रात्रीचे साडेअकरा.

बेसमेंट आवरायचं म्हणून सकाळी खाली उतरलो, पण दुपारपर्यंत एकही खोकं घराबाहेर गेलं नाही. दुसऱ्याच खोक्यात सिम्पसन्स या अमेरिकन कार्टून मालिकेच्या डीव्हीडी निघाल्या, तिथेच सगळं अडलं.

सगळ्यात वर होमरचं, म्हणजे सिम्पसन्स कुटुंबातल्या बापाचं, पिवळं डोकं. 2005 च्या ऑगस्टमध्ये सहावा सीझन आला तो होमरच्या डोक्याच्या आकाराच्या प्लास्टिकच्या पेटीत. फळीवर नीट बसत नाही म्हणून लोकांनी इतकी बोंबाबोंब केली की शेवटी साधं चौकोनी खोकं मागवून घ्यायची सोय करावी लागली. तरी त्यांनी हट्ट सोडला नाही, पुढच्या सीझनला त्याच्या बायकोचं, मार्जचं डोकं आलंच. तेव्हा आई सहा महिन्यांसाठी इकडे अमेरिकेत आली होती. तिने ते टीव्हीशेजारी पाहिलं, "कुणाचं रे हे मुंडकं?" म्हणाली आणि देव्हाऱ्याकडे त्याची नजर जाणार नाही अशा बेताने वळवून ठेवलं. ती परत जाईपर्यंत होमर भिंतीकडे तोंड करून होता.

पण मी शोधत होतो तो तिसरा सीझन. चार डिस्क, चोवीस भाग. 2003 च्या ऑगस्टच्या शेवटी तो आला आणि त्याच आठवड्यात मी घेतला. मला इकडे येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये आम्ही चौघं एका अपार्टमेंटमध्ये राहायचो, गाड्या दोन, कुकर एक. माझ्या तेव्हाच्या हिशोबात त्या पेटीची किंमत म्हणजे आठवड्याचा किराणा. रूममेट म्हणाला, "फुकट टीव्हीवर लागतं ते विकत कशाला घेतोस?" मी काहीतरी थातूरमातूर उत्तर दिलं. खरं कारण सांगायची लाज वाटत होती. मला ते विनोद कळत नव्हते.

इंग्रजी येत होतं. शब्द कळायचे, वाक्यं कळायची, पण ऑफिसात जेवणाच्या टेबलावर कुणी सिम्पसन्समधलं एखादं वाक्य टाकलं की सगळे खदखदून हसायचे आणि मी अर्ध्या सेकंदाने मागून हसायचो. तो अर्धा सेकंद मला फार बोचायचा.

डीव्हीडीवर प्रत्येक भागाला कॉमेंट्री होती. माझ्या लेखी कॉमेंट्री म्हणजे क्रिकेटची, कानाला ट्रान्झिस्टर लावून ऐकायची. इथे चित्र चालू आहे, पात्रांचा आवाज बारीक केलेला, आणि वरून ज्यांनी तो भाग लिहिला, काढला, ते बसून गप्पा मारताहेत. सिम्पसन्सचा जन्मदाता मॅट ग्रेनिंग, तिसऱ्या सीझनची सूत्रं ज्यांच्या हातात होती ते अल जीन आणि माइक रीस, शिवाय दिग्दर्शक, कधी आवाज देणारे कलाकार. हा विनोद कुठून आला, हा चेहरा कुणावरून घेतला, हे दृश्य कुठल्या जुन्या सिनेमाची नक्कल आहे, मध्येच "हे आम्हाला आता अजिबात आवडत नाही" अशी कबुली. कॉलेजच्या कट्ट्यावर सीनियर मुलांच्या शेजारी गुपचूप बसून ऐकावं तसं मी ऐकायचो. शनिवारी सकाळी बाकीचे झोपलेले असताना, हेडफोन लावून. आधी भाग नुसता, मग सबटायटल लावून, मग कॉमेंट्रीसकट. बावीस मिनिटांच्या भागाला तासभर.

बेसबॉल मला अशाने कळला, म्हणजे जेवढा कळला तेवढा. 'होमर अ‍ॅट द बॅट'मध्ये होमरचे मालक मिस्टर बर्न्स आपल्या अणुभट्टीच्या सॉफ्टबॉल संघात नऊ व्यावसायिक खेळाडू घुसवतात आणि नऊही खेळाडूंनी स्वतःचा आवाज दिलाय. बर्न्स न्यूयॉर्कच्या यांकीज संघातल्या डॉन मॅटिंग्लीच्या मागे लागतात, कल्ले काढ म्हणून. बिचारा अख्खी डोक्याची बाजू भादरून येतो तरी यांचं समाधान नाही. गंमत म्हणजे 1991 च्या ऑगस्टमध्ये खऱ्या मॅटिंग्लीलाही केस कापत नाही म्हणून यांकीजने खेळू न देता बसवून ठेवलं होतं. सगळ्यांना वाटतं त्यावरूनच हे सुचलं, पण त्याने आपली वाक्यं त्याआधीच रेकॉर्ड केली होती. हे मी सोमवारी जेवणाच्या टेबलावर सांगितलं. पहिल्यांदा टेबल माझ्याकडे वळलं. त्या दिवशी डब्यात मेथीची भाजी होती, एवढं पक्कं आठवतंय.

आता घरात डीव्हीडी प्लेअर नाही. लॅपटॉपला डिस्कची फटच नाही. शेवटी शेजाऱ्यांकडून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. (एकदा हौसेने याच पेट्यांपैकी एक पुण्याला भाच्यासाठी नेली होती. तिथला प्लेअर काही केल्या घेईना. डीव्हीडी ज्या विभागाची, त्याच विभागाच्या प्लेअरवर चालायची; अमेरिकेचा विभाग एक, भारताचा पाच. तेव्हा डिस्कांनाही व्हिसा लागायचा.)

लेकीने वरून हाक मारली, "बाबा, हे सगळं डिस्ने प्लसवर आहे." म्हटलं, सगळं नाहीये. ये खाली.

तिथे तिसरा सीझन दुसऱ्या भागापासून सुरू होतो. पहिला, 'स्टार्क रेव्हिंग डॅड', नाहीच. 19 सप्टेंबर 1991 ला तो पहिल्यांदा लागला. होमरच्या मुलाची, बार्टची, लाल टोपी पांढऱ्या कपड्यांत धुतली जाते, होमर गुलाबी शर्ट घालून कामावर जातो आणि तेवढ्यावरून त्याची रवानगी मनोरुग्णालयात होते. तिथे त्याच्या खोलीत एक धिप्पाड गोरा माणूस असतो, स्वतःला मायकल जॅक्सन समजणारा. आवाज खुद्द मायकल जॅक्सनचा. श्रेयनामावलीत मात्र जॉन जे स्मिथ. कराराच्या भानगडीमुळे गाणी त्याने म्हटली नाहीत, त्याच्यासारखा आवाज काढणाऱ्या किप लेननने म्हटली. म्हणजे जॅक्सन समजणाऱ्या माणसाला जॅक्सनचा आवाज, आणि जॅक्सनच्या गाण्याला दुसऱ्याचा. शेवटी बार्टची बहीण लिसाच्या आठव्या वाढदिवसाचं गाणं, जे आमच्या घरात लेकीच्या प्रत्येक वाढदिवसाला मी बेसूर म्हणत आलोय.

2019 च्या मार्चमध्ये जॅक्सनवरच्या आरोपांचा माहितीपट आला आणि निर्मात्यांनी हा भाग वितरणातून काढून घेतला. त्यांच्यापैकी जेम्स ब्रूक्स म्हणाले त्याचा आशय असा, की पुस्तकं जाळण्याच्या मी विरोधात आहे, पण हे पुस्तक आमचं आहे आणि त्यातलं एक प्रकरण काढायचा हक्क आम्हाला आहे. मला त्यांचा निर्णय चुकीचा वाटत नाही. बरोबर वाटतो असंही छातीठोकपणे म्हणवत नाही. माहितीपट पाहिल्यावर तो आवाज आधीसारखा ऐकू येत नाही, हे मात्र खरं. पण प्रकरण काढलं तरी विकलेल्या प्रती कुणी परत मागायला येत नाही. एक माझ्या बेसमेंटमध्ये आहे.

सिम्पसन्समधल्या भारतीय दुकानदाराबद्दल, अपूबद्दलही हेच मनात येतं. तो अजून तिथेच आहे, आवाज तेवढा बंद झाला. 2017 मध्ये हरी कोंडाबोलूने त्याच्यावर माहितीपट केला, 2020 मध्ये हँक अझारियाने त्याचा आवाज काढणं सोडलं. माझ्यापुढेही त्या सुरुवातीच्या दिवसांत ऑफिसात एकाने अपूचं "थँक यू, कम अगेन" त्याच सुरात म्हणून दाखवलं होतं, फोटोकॉपी मशिनपाशी. मी हसलो होतो. त्या वेळी मात्र अर्ध्या सेकंदाचाही उशीर झाला नव्हता, हे आज लिहिताना जाणवतंय.

असो.

डिस्क लागली. मध्ये एकदा अडकली, बाहेर काढून बनियनला पुसली, पुन्हा चालली. लेकीला चित्र चौकोनी दिसतंय हे पहिल्यांदा खुपलं. तिला म्हटलं, मूळचं असंच आहे. डिस्ने प्लसवर सुरुवातीला सगळं वरून-खालून कापून लांबट केलं होतं. चौथ्या सीझनमध्ये डफ, डफ लाइट आणि डफ ड्राय या तिन्ही बिअर एकाच नळातून येतात तो विनोदच त्यात कापला गेला, कारण नळ वर होता. लोक ओरडले तेव्हा 2020 च्या मे महिन्यात मूळ आकार परत दिला.

मग बुशची गोष्ट सांगितली. 1992 च्या जानेवारीत थोरले बुश भाषणात म्हणाले, अमेरिकन कुटुंबं वॉल्टन्ससारखी जास्त आणि सिम्पसन्ससारखी कमी व्हायला हवीत. तीनच दिवसांनी नेमका हाच 'स्टार्क रेव्हिंग डॅड' पुन्हा दाखवायचा होता. यांनी घाईघाईने सुरुवातीला एक तुकडा जोडला. अख्खं कुटुंब टीव्हीवर ते भाषण बघतंय आणि बार्ट म्हणतो, आम्ही वॉल्टन्ससारखेच तर आहोत, आम्हीही मंदी संपावी म्हणून प्रार्थना करतोय.

लेक म्हणाली, "वॉल्टन्स कोण?"

मी सांगायला लागलो. सत्तरच्या दशकातली मालिका, तीसच्या दशकातल्या महामंदीत जगणारं व्हर्जिनियातलं गरीब, सालस कुटुंब. तिथून बुशच्या वेळची मंदी, तिथून निवडणूक, तिथून अजून कुठे. पडद्यावर अल जीन आणि कंपनी बोलतच होते आणि मी त्यांच्यावरून बोलत होतो.

"बाबा, तू गप्प बस ना. त्यांना बोलू दे."

गप्प बसलो. गाण्याच्या जागी डिस्क पुन्हा अडकली. ड्राइव्ह उद्या संध्याकाळपर्यंत परत द्यायचाय. खोकी आहेत तिथेच आहेत, आणि हिने वरून दोनदा विचारलंय की खाली नक्की काय चाललंय.