खोक्यातला केक, काडीवरचा लाडू

लेकीला सातव्या वाढदिवसाला केक नको होता, केकपॉप्स हवे होते. येथे अमेरिकेत कॉफीच्या दुकानांत काचेआड मांडलेले, काडीला खोचलेले ते रंगीत गोळे ती नेहमी पाहत असे आणि किंमत वाचून मी तिला नेहमी पुढे ओढून नेत असे. वीस मुलांसाठी ते विकत आणणे परवडणारे नव्हते. म्हणून किराणा दुकानातून केक मिक्सचे, म्हणजे केकच्या तयार कोरड्या पिठाचे, एक खोके आणले आणि घरीच करायचे ठरवले.

ज्यांनी केकपॉप पाहिलेला नाही त्यांनी शिळ्या पोळीचा लाडू डोळ्यांपुढे आणावा. तयार पोळी कुस्करून ती गूळ-तुपात वळावी, तसाच येथे भाजलेला केक कुस्करून फ्रॉस्टिंगमध्ये, म्हणजे केकवर लावायच्या साखरेच्या मऊ लेपात, वळतात. पुढे काडी आणि चॉकलेटचे आवरण एवढेच काय ते जास्तीचे. २००८ च्या सुमारास अँजी डडली या बेकिंगविषयी लिहिणाऱ्या अमेरिकी बाईंमुळे हा प्रकार घरोघरी पोहोचला.

आम्ही राहतो त्या पिट्सबर्गशी या खोक्याचे जुने नाते आहे, हे मला बरेच उशिरा कळले. येथील पी. डफ अँड सन्स ही कंपनी उसाची काकवी विकत असे. ती काकवी पिठाबरोबर वाळवून केकचे तयार पीठ करण्याच्या कृतीचे पेटंट जॉन डफ यांना १९३३ मध्ये मिळाले. त्या पिठात अंड्याची भुकटीही असे. पण बायकांना ताजे अंडे स्वतः फोडून घालणे अधिक आवडते, असे सांगत त्यांनी १९३५ मध्ये दुसरे पेटंट घेतले. अंड्याची युक्ती १९५० च्या दशकातल्या मानसशास्त्रज्ञांनी शोधली, अशी जी गोष्ट येथे हौसेने सांगितली जाते, तिच्या कितीतरी आधीची ही हकीकत आहे.

मला मात्र अंडे घालायचेच नव्हते, कारण पाहुण्यांपैकी दोन घरांत ते चालत नाही. खोक्यावर तीन अंडी, अर्धा कप तेल आणि एक कप पाणी असे लिहिलेले होते. त्या सगळ्याऐवजी मी ४३२ ग्रॅमच्या खोक्यात सोड्याच्या गोड पेयाचा ३५५ मिलिलिटरचा एक डबा ओतला. असा केक फुगतो, पण फार ठिसूळ होतो आणि सुरीखाली त्याचे धड तुकडे पडत नाहीत. ज्याचा भुगाच करायचा, त्या केकचा हा दोष कसला! १७५ अंश सेल्सिअसवर तो अर्ध्या तासात भाजून निघाला. त्याच्या तपकिरी कडा मात्र कापून काढाव्यात, कारण त्या मऊ होत नाहीत आणि गोळ्यात खड्यासारख्या लागतात.

माझी पहिली चूक फ्रॉस्टिंगची झाली. डबा साडेचारशे ग्रॅमचा होता आणि मी अर्ध्याहून अधिक केकमध्ये अख्खा रिकामा केला. गोळे चिकट आणि जड झाले व काडीवरून सावकाश घसरत खाली येऊन बसले. ती खेप आम्ही वाटीत घालून चमच्याने खाल्ली. उरलेल्या भुग्यात मी लेप चमच्याचमच्याने घातला आणि लाडवाची परीक्षा लावली: मुठीत दाबल्यावर मूद बसली पाहिजे, पण तळहात तेलकट होता कामा नये. तीन चमच्यांतच काम झाले. पंचवीस-पंचवीस ग्रॅमचे तेरा गोळे निघाले. मग आणखी एक खोके आणून, या वेळी हात आवरून, पुढचे केले.

आवरणासाठी येथे कँडी मेल्ट्स नावाच्या चकत्या मिळतात. भारतात बेकिंगच्या दुकानात कंपाउंड म्हणून मिळते, तेच हे. त्यात कोकोच्या लोण्याऐवजी दुसरे वनस्पती तेल असल्यामुळे खऱ्या चॉकलेटसारखे तापमान सांभाळत बसावे लागत नाही, पण पाण्याचा एक थेंब पडला तरी ते घट्ट आणि रवाळ होऊन बसते. दाट वाटल्यास चमचाभर खोबरेल तेल घालावे, पाणी किंवा दूध कधीच नाही. काडीचे टोक आधी या आवरणात बुडवून मग गोळ्यात अर्ध्यापर्यंत खोचावे. ते सुकले की काडी गोळ्याला चिकटून राहते. गोळे फ्रिजमध्ये गार करावेत, फ्रीजरमध्ये गोठवू नयेत. गोठलेला गोळा बाहेर आल्यावर फुगतो आणि वरचे कवच तडकते, हे मी चार गोळे वाया घालवून शिकले. बुडवल्यावर गोळा न फिरवता, मनगटावर हलकेच ठोकत जास्तीचे आवरण गळू द्यावे आणि काडी थर्माकोलच्या ठोकळ्यात उभी करावी.

मुलांनी वरचे कवच कुरतडून खाल्ले आणि आतला केक बहुतेकांनी आपापल्या आईच्या हातात ठेवला. दुसऱ्या दिवशी डब्यात नऊ उरले होते. त्यांतल्या दोहोंच्या काडीवरून तेलाचा पिवळा ओघळ उतरला होता, कारण काडीच्या मुळाशी आवरण नीट बसले नव्हते.