24 टीबी गेले कुठे?

नाशिकमधले एक लग्नाचे फोटोग्राफर. मी पोहोचलो तोवर ते डिस्कवाल्या दुकानदाराशी फोनवर भांडून मोकळे झाले होते. ‘‘24 टीबी बसवलेत भाऊ, आणि हा डबा 10.9 दाखवतोय. डुप्लिकेट माल!’’

टेबलावर सिनॉलॉजी कंपनीचा चार कप्प्यांचा नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडायचा डिस्कांचा डबा. त्यात 8 टीबीच्या दोन नव्या डिस्क आणि जुन्या पीसीतून काढलेल्या 4 टीबीच्या दोन. डिस्क अस्सल होत्या. सेटिंग उघडलं तर रेड 5, म्हणजे अनेक डिस्क मिळून एकच साठा करायचा एक प्रकार. हा सगळ्या डिस्क सर्वांत लहान डिस्कच्या मापाने धरतो. 8 ची डिस्कही त्याच्या लेखी 4 चीच. म्हणजे चार चोक सोळा. त्यातली एका डिस्कएवढी जागा पॅरिटीला, म्हणजे एखादी डिस्क मेली तर तिच्यावरचं पुन्हा उभं करायच्या हिशेबाला. राहिले 12.

‘‘मग 10.9 कसे?’’

डिस्क बनवणारे 1 टीबी म्हणजे एकावर बारा शून्यं इतके बाइट धरतात, विंडोज आणि हा नॅस 1024 च्या पटीत मोजतात. टीबीमागे 9 टक्के तिथेच कमी दिसतात. हे काही दादांना पटेना. शेवटी त्यांचीच 4 टीबीची यूएसबी डिस्क विंडोजला लावली: 3.63. तीच वहिनींच्या मॅकबुकला लावली: 4. (मॅक 2009 पासून दुकानदाराच्याच मापाने मोजतो.) दादा गप्प.

मग म्हणाले, ‘‘ती पॅरिटी काढा, मला पूर्ण 24 द्या.’’ तसं करता येतं, पण एक डिस्क गेली की सगळाच कारभार धोक्यात. मी काही बोलायच्या आत वहिनीच म्हणाल्या, ‘‘आणि मग लोकांना लग्न परत लावायला सांगणार का?’’

फोटो अजून चढवलेले नव्हते, म्हणून पूल (डिस्कांचा तो एकत्र साठा) पुसून एसएचआर निवडला, म्हणजे लहान-मोठ्या डिस्क एकत्र वापरायचा सिनॉलॉजीचा स्वतःचा प्रकार. यात मोठ्या डिस्कांची उरलेली 4-4 ची जागा एकमेकींची नक्कल ठेवते. साधा हिशेब: सगळ्यांची बेरीज, वजा सर्वांत मोठी डिस्क. 24 उणे 8, 16. पडद्यावर 14.5. फाइल सिस्टीम त्यातूनही थोडं खाईल, हे आधीच सांगून ठेवलं; नाहीतर दुकानदाराला पुन्हा फोन गेला असता.

निघताना पाहिलं तर दादा यूएसबी डिस्कांवर ‘कॉपी करून फॉरमॅट’ अशा चिठ्ठ्या चिकटवत होते. त्या मी सोलून काढायला लावल्या. नॅसवर चुकून फोल्डर डिलीट झालं तर पॅरिटी ते परत देत नाही.